यांच्या नावावर माझी झोप

आमच्या सासरी झोपेचा फार अभिमान. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमातच सासूबाईंनी सांगून टाकलं होतं, "आमच्याकडची माणसं सरळ. डोकं टेकलं की झोप. मनात काही नसलं की अशी झोप लागते." घरी परतताना माझी आई म्हणाली, अशा घरात मुलीला त्रास नसतो. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. नवऱ्याकडून काय काय अपेक्षा करायच्या हेच मला ठाऊक नव्हतं, त्यामुळे चांगली झोप ही एक जमेची बाजू मीही धरून टाकली.

सासरे जेवता जेवता ताटावर डुलकी काढायचे आणि सगळे कौतुकाने बघायचे. एकोणसाठाव्या वर्षी एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणाला, पुण्यवान माणूस, झोपेत गेला, कुणाला त्रास दिला नाही. मी चहाचे कप फिरवत होते आणि मान हलवत होते. एकोणसाठ हे काही जायचं वय नव्हे, असं एकही माणूस म्हणाला नाही. यांना आता सत्तावन्न पूर्ण झाली आहेत.

हे म्हणजे माझा नवरा. मी त्यांना अहो म्हणते, त्यामुळे लिहितानाही नवरा, तो, त्याला असं काही हातून उतरत नाही. लोणी काळभोरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ते शिकवतात. आम्ही राहतो वारज्याला. म्हणजे रोज सकाळी अख्खं पुणं ओलांडून, हडपसरची गर्दी पार करून सोलापूर रस्त्याला लागायचं आणि संध्याकाळी तेच उलटं. गाडी आमची, सोबत कॉलेजातले दोन सहकारी. गेली कित्येक वर्षं हे असंच चाललं आहे.

यांच्या घोरण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. घोरणं म्हणजे माणूस आहे याची खूण. तक्रार आहे ती मधेच ते थांबतं त्याची. मुलगी दहावीत असताना मला ते पहिल्यांदा कळलं. घोरणं चाललेलं असतं आणि अचानक काहीच नाही. छाती हलते आहे, पण हवा आत जात नाही. मी वाट बघते. मनात आकडे म्हणते. मग बुडता माणूस वर आल्यासारखा एक आचका येतो, आणि पुन्हा सुरू. कधी फार वेळ लागला तर मी कोपराने ढोसते. हे कुशीवर वळतात, आणि सकाळी चहा पिताना म्हणतात, काय सुंदर झोप लागली होती.

त्याला आता दहा वर्षं झाली. या दहा वर्षांत मी सलग दोन तास झोपल्याचं मला आठवत नाही. कर्वेनगरला एका कॉलेजच्या ऑफिसात मी काम करते. मुलांचे अर्ज तपासताना एकच ओळ तीन तीन वेळा वाचायची आणि तरी चुकायची, बोनाफाईड मागायला आलेल्या पोरावर उगाच खेकसायचं, गॅसवर दूध ठेवून विसरायचं, हे सगळं मी वयाच्या नावावर घातलं. पुढे ब्लडप्रेशर निघालं. डॉक्टर दर वेळी विचारायचे, झोप कशी आहे? मी म्हणायचे, छान. आमच्या घरात झोप हा विषय यांचा होता. त्यात माझंही काही असू शकतं, हे माझ्या ध्यानातच यायचं नाही.

त्या डॉक्टरांकडेच सगळं सुरू झालं. प्रेशर तपासायला मी आत होते आणि हे बाहेर बाकावर बसले होते. दोन मिनिटांत बाहेरून यांचं घोरणं ऐकू यायला लागलं. डॉक्टर हसले. मग ते थांबलं. डॉक्टरांनी माझ्या दंडावरचा पट्टा तसाच ठेवला, उठून दार उघडलं आणि बाहेर जाऊन यांच्यासमोर उभे राहिले. आचका येईपर्यंत ते हलले नाहीत. परत आल्यावर त्यांनी विचारलं, "पेशंट कोण आहे, तुम्ही की ते?" आणि झोपेच्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली.

झोपेच्या डॉक्टर एक मध्यमवयीन बाई होत्या, बोलायला तुटक. त्यांनी यांना एक यादी विचारली. वाचताना झोप लागते? टीव्ही बघताना? जेवणानंतर खुर्चीत? सिग्नलला गाडी थांबलेली असताना? हे प्रत्येक प्रश्नाला हो म्हणत होते, आणि मुलाखतीत चांगले गुण पडत असल्यासारखे खूश होत होते. शेवटी म्हणाले, "मॅडम, मला झोपेचा त्रासच नाही. दोन मिनिटांत लागते."

"दोन मिनिटांत झोप लागणं हा गुण नाही, सर," बाई म्हणाल्या. "ज्याची झोप पुरी होते त्याला आडवं झाल्यावर थोडा वेळ लागतो. तुमच्यासारखं पटकन कोसळतो तो उपाशी माणूस."

मग त्यांनी समजावून सांगितलं. झोपेत घसा सैल पडतो, हवेची वाट बंद होते, रक्तातला प्राणवायू उतरतो. मेंदू घाबरून माणसाला क्षणभर जागं करतो, वाट उघडते, माणूस पुन्हा झोपतो. रात्रभर हेच. त्याला स्वतःला यातलं काही आठवत नाही, पण हृदयाला आठवतं. प्रेशर वाढतं, साखर वाढते आणि दिवसा डोळे मिटतात, गाडी चालवतानासुद्धा. "वडील आहेत?" त्यांनी विचारलं. हे म्हणाले, "नाही. झोपेत गेले. अगदी शांत." बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि यांच्याऐवजी माझ्याकडे बघितलं.

दवाखान्यात रात्रभर झोपायला हे तयार नव्हते. तासभर घासाघीस होऊन ठरलं की यंत्र घरी न्यायचं, आणि एकच रात्र. त्यानंतर पुन्हा हा विषय काढायचा नाही, असं यांनी माझ्याकडून वदवून घेतलं. दवाखान्याच्या खिडकीतल्या माणसाने यंत्र हातात दिलं. मनगटाला बांधायचं घड्याळासारखं काहीतरी, बोटावर चढवायची टोपी आणि घोरणं टिपायला गळ्याखाली चिकटवायची चकती. "चार तासांचं रेकॉर्डिंग आलं नाही तर टेस्ट बाद," तो म्हणाला. "मागच्या आठवड्यात एका काकूंनी नीट लावलं नाही. परत यावं लागलं." तो माझ्याशी बोलत होता, यांच्याशी नाही. घरातल्या पुरुषाच्या बोटावर टोपी चढवणं हे बायकांचं खातं आहे, हे त्याने गृहीतच धरलं होतं.

त्या रात्री मी सगळं नीट लावलं. बटण दाबणार तोच यांनी ते ओरबाडून काढलं. "गुदमरतंय मला. नाही घालणार," म्हणाले, पाठ फिरवली आणि दोन मिनिटांत झोपले. गुदमरायला त्या यंत्रात नाकातोंडावर काहीच नव्हतं, पण ते ऐकायला जागं कोण होतं?

मी यंत्र हातात घेऊन पलंगावर बसले. सकाळी ते परत द्यायचं होतं. तो खिडकीतला माणूस माझ्याकडे कसा बघेल ते मला दिसायला लागलं. एकच रात्र ठरली होती, ती फुकट गेली होती. आणि मग मी ते यंत्र स्वतःच्या मनगटाला बांधलं. का बांधलं याचा मी नंतर खूप विचार केला आहे. बोलणी खावी लागू नयेत हे तर होतंच. पण खरं सांगायचं तर, दहा वर्षांत माझ्या रात्रीबद्दल घरात कुणी एक शब्द विचारला नव्हता, आणि टोपी बोटावर चढल्यावर मला बरं वाटलं. यंत्र रिकामं परत जाण्यापेक्षा काहीतरी जाऊ दे, पुढचं पुढे बघू, असं म्हणून मी आडवी झाले. एवढी मोठी चूक माणूस इतक्या थोड्या विचाराने करू शकतो.

रिपोर्ट आला. बाई बराच वेळ स्क्रीनकडे बघत होत्या. "घोरण्याचा आवाज आलाय," त्या म्हणाल्या, "पण श्वास कुठेच अडत नाही. प्राणवायू उत्तम."

"मी सांगतच होतो," हे म्हणाले.

"पण झोप अजिबात चांगली नाही, सर. सारखे जागे होताय. गाढ झोप जवळपास नाहीच. नाडी रात्रभर सावध आहे." त्यांनी चष्मा काढला. "घरात तान्हं बाळ आहे का?"

हे मोठ्याने हसले. "आमची मुलगी सव्वीस वर्षांची आहे. बंगळुरूला असते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी पर्समध्ये रुमाल शोधल्यासारखं केलं. त्या क्षणी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण मी काय सांगणार होते? की हे यंत्र यांनी घातलंच नाही, मी घातलं, आणि तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईला फसवलं? बाई म्हणाल्या, लक्षणं बघता एकदा दवाखान्यात टेस्ट करून घ्या. हे उठलेच. एक रात्र ठरली होती, एक रात्र झाली. मी त्यांच्या मागून बाहेर पडले.

त्या दिवसापासून तो रिपोर्ट आमच्या घरात माझ्यावर राज्य करायला लागला. यांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला. दिरांनी शाबासकीचा अंगठा टाकला, नणंदेने लिहिलं, आमच्या घराण्याची झोपच तशी. एक प्रत यांनी गाडीत पीयूसीच्या कागदाशेजारी ठेवली, पोलिसाने अडवलं तर दाखवायची असल्यासारखी. टीव्हीसमोर मान पडली की मी पूर्वी म्हणायचे, बघा, पुन्हा. आता तेवढं म्हटलं की उत्तर तयार असायचं, "रिपोर्ट वाच." तो रिपोर्ट किती खरा आहे हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

तीनदा मी सांगायला गेले. एकदा हे दाढी करत होते, त्यांनी नळ सोडला. एकदा मुलीचा फोन आला. तिसऱ्यांदा कुणीच अडवलं नाही, मीच भाजी निवडत बसले. आणि रात्री पूर्वीपेक्षा वाईट गेल्या. पूर्वी मी नुसती घाबरायचे. आता शांतता लांबली की मला वाटायचं, हे गेले तर मी मारलं. या माणसाला वाचायची एक संधी होती आणि ती मी स्वतःच्या बोटात घालून बसले. माझी प्रेशरची गोळी वाढली. डॉक्टरांनी झोपेचं विचारलं तेव्हा मी म्हटलं, छान.

पुढच्या महिन्यात यांच्या कॉलेजात एका सहकाऱ्याचा निरोप समारंभ होता, सपत्नीक आमंत्रण. मी रजा काढली आणि रोजच्या गाडीतून यांच्यासोबत निघाले. कर्वेनगरला गणिताच्या मॅडम पुढच्या सीटवर बसल्या. मी मागे. हडपसरला वर्कशॉप शिकवणारे सर माझ्या शेजारी येऊन बसले. ते तिकडच्याच एका गावचे, बोलायला मोकळे.

मॅडमबद्दल मी घरी फार ऐकलं होतं. बाई भयंकर भांडखोर आहे, रोज काहीतरी उकरून काढते, असं हे रोज संध्याकाळी बूट काढता काढता सांगायचे. प्रत्यक्षात मॅडम कर्वेनगरपासून हडपसरपर्यंत जेमतेम चार वाक्यं बोलल्या होत्या. मी हसून म्हटलं, "तुमच्यात आज वादावादी नाही?"

मागे बसलेले सर खो खो हसले. "वहिनी, ती ड्यूटी होती आमची. आता बंद झाली."

"कसली ड्यूटी?" हे आरशातून बघत म्हणाले.

"सांगू का मॅडम? आता सांगायला काय हरकत हाय. अहो सर, तुम्हाला गाडीत डुलकी यायची. दोन वर्षांमागं मांजरीजवळ गाडी दुभाजकाला घासली, आठवतंय का? तवापासून आम्ही ठरवलं, पुढं बसंल त्यानं सरांना चिडवायचं. सर चिडलं की जागं राहत्यात. सोमवार, बुधवार, शुक्रवार मॅडम. बाकीचे दिवस मी. मॅडम तर आदल्या दिवशी विषय काढून ठेवायच्या."

"विषय संपत आले होते," मॅडम कोरडेपणाने म्हणाल्या. "शेवटी तुमच्या अक्षरावर आले होते मी."

हे हसले नाहीत. "म्हणजे तुम्ही मुद्दाम भांडायचात?"

"आता कुठं भांडतोय? तुमचा रिपोर्ट क्लिअर आला म्हणल्यावर सुटलो आम्ही. महिनाभर गाडीत कसं शांत वाटतंय."

सर बोलत राहिले, मला काही ऐकू येईना. दोन माणसांनी दोन वर्षं रोज भांडून माझ्या नवऱ्याला जिवंत घरी पाठवलं होतं, आणि मी एका रात्रीत त्यांना गप्प केलं होतं. लोणीच्या अलीकडे रस्ता सरळ होता. गाडीत गार हवा होती, कुणी बोलत नव्हतं. आरशात मला यांचे डोळे दिसत होते. पापण्या खाली आल्या. वर गेल्या. पुन्हा खाली आल्या आणि तिथेच राहिल्या. गाडी हळूहळू डावीकडे सरकायला लागली.

"तो रिपोर्ट माझा आहे," मी म्हटलं.

मी ओरडले नव्हते, पण हे दचकले, आणि गाडी सरळ झाली. "काय?"

"यंत्र तुम्ही काढून टाकलंत. मी घातलं. रिपोर्टवर नाव तुमचं आहे, झोप माझी आहे. तुमची टेस्ट झालेलीच नाही."

यांनी गाडी रसाच्या एका दुकानापुढे बाजूला घेतली. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच. मागून उसाचा ट्रॅक्टर गेला.

"चार माणसांत सांगायचं होतं हे?" ते म्हणाले.

"घरी सांगितलं असतं तर तुम्ही रिपोर्ट दाखवला असता."

पुढे आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि टेस्टला मात्र निमूट गेले, दवाखान्यात, माणूस समोर बसवून. पण मला सांगायचं आहे ते त्या गाडीतलंच. मॅडमनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, "सर, चावी." मॅडमनी या वेळी वाद घातला नाही. हे उतरले, मागे माझ्या शेजारी येऊन बसले. सर पुढे गेले. यांनी तोंड खिडकीकडे वळवलं होतं. मान ताठ, जबडा आवळलेला. इतका राग मी त्यांच्या चेहऱ्यावर फार वेळा पाहिलेला नाही. गाडी सुरू झाली, आणि दोन मिनिटांत ती मान मागे पडली. अपमानानेसुद्धा त्यांना जागं ठेवलं नाही.

घोरणं सुरू झालं. पुढे बसलेल्या सरांनी मागे वळून माझ्याकडे बघून हसल्यासारखं केलं. मग ते थांबलं. सरांचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं, मग गेलं. मॅडमनी हात पुढे करून एसी बंद केला, वेग कमी केला. आरशात त्यांचे डोळे रस्त्यावरून यांच्यावर आणि यांच्यावरून पुन्हा रस्त्यावर जात होते. तिघंही ऐकत होतो. आचका आला तेव्हा सरांनी एवढा मोठा श्वास सोडला की तो मलाही ऐकू आला.

"वहिनी, हे रोज असं?"

"रोज."

"आन् तुम्ही?"

सर सीटवर पूर्ण वळून बसले, तोंड आमच्याकडे करून. "तुम्ही डोळं मिटा जरा," ते म्हणाले. "मी हाय सरांकडं बघायला."

घोरणं पुन्हा थांबलं. सवयीने मी मनात आकडे म्हणायला सुरुवात केली. चारपर्यंत आले असेन. त्यानंतर यांचा श्वास किती वेळाने आला ते सरांना विचारायला हवं. मी झोपले होते.